प्रणाली बदलतांना जुना फोन कसा निवडावा

ज्या घरांत एकच चांगला फोन असतो, त्या घरांत तो केवळ बोलण्याचें साधन राहत नाहीं. बँकेचें पासबुक, किराणा दुकानदाराचे पैसे चुकविण्याचें पाकीट, शिष्यवृत्तीच्या अर्जासाठीं येणारा सांकेतिक अंक, शाळेच्या सूचना, आणि एखाद्या दिवंगत आजोबांचा जपून ठेवलेला आवाज, इतक्या गोष्टी त्या एका यंत्रांत सांठविलेल्या असतात. असें यंत्र बदलणें, त्यांतूनहि अँड्रॉइड सोडून आयफोन घेणें किंवा आयफोन सोडून अँड्रॉइडकडे येणें, हा बिऱ्हाड हलविण्यासारखाच प्रकार आहे. वरच्या वर्गांतील विद्यार्थी अलीकडे आईबापांपाशीं जुन्या आयफोनचा हट्ट धरतात, असें पालकसभेंत आमच्या वारंवार कानीं येतें. तो हट्ट योग्य कीं अयोग्य, हा प्रश्न आम्ही येथें घेत नाहीं. फोन घ्यावयाचाच ठरला तर कष्टाचा पैसा वायां जाऊं नये, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहीत आहों.

फोनचें यंत्र निराळें आणि त्यास चालविणारी कार्यप्रणाली निराळी, हा भेद प्रथम ध्यानांत घेतला पाहिजे. सामान्य ग्राहकापुढें आज दोनच प्रणाल्या उरल्या आहेत : गूगलची अँड्रॉइड व ॲपलची आयओएस. पूर्वीं आणखीहि होत्या. परंतु विंडोजच्या फोनांवर व्हॉट्सॲप ३१ डिसेंबर २०१९ नंतर बंद झालें, व ब्लॅकबेरीच्या जुन्या प्रणालीची सेवा ४ जानेवारी २०२२ रोजीं थांबली. ज्यांच्या हातीं ते फोन होते त्यांचीं यंत्रें त्या दिवशीं मोडलीं नव्हतीं. पडदा उजळत होता, घंटी वाजत होती. पण त्यांच्या मागें उभें राहणारें कोणी उरलें नव्हतें. जुना फोन घेतांना भीति असते ती हीच.

फोनचें आयुष्य आपण तो विकत घेतल्या दिवसापासून मोजतों, आणि फसगतीचें मूळ येथेंच आहे. कंपनी तें आयुष्य मॉडेल प्रथम बाजारांत आलें त्या दिवसापासून मोजते. कांहीं ठराविक वर्षेंच ती त्या मॉडेलास नव्या आवृत्त्या व संरक्षणाच्या दुरुस्त्या पुरविते. दुरुस्त्या थांबल्यावर चोरांस सांपडलेलीं नवीं भोकें बुजविलीं जात नाहींत. पुढें बँकेचीं व इतर ॲप एकामागून एक त्या फोनास नकार देऊं लागतात. २०१५ सालच्या आयफोन ६एस ला शेवटची मोठी आवृत्ति २०२१ मध्यें मिळाली. २०१८ चे आयफोन एक्सआर व एक्सएस हे २०२५ च्या नव्या आवृत्तींतून वगळले गेले. या आवृत्तीचा क्रमांक अठरावरून एकदम सव्वीसवर गेला, याचें विद्यार्थ्यांस मोठें नवल वाटलें होतें. पण मधल्या सात आवृत्त्या कोठें हरवल्या नाहींत, कंपनीनें क्रमांक वर्षावरून देण्यास आरंभ केला इतकेंच. तेव्हां 'एक्सआर अगदीं नव्यासारखा आहे, एक ओरखडा नाहीं' असें दुकानदारानें कितीहि सांगितलें, तरी ओरखडा कांचेवर नसून पंचांगांत आहे, हें ग्राहकानें ओळखावें.

या हिशेबानें पाहतां, आयफोन ११ हा २०१९ चा. त्यास २०२५ च्या आवृत्तींत जागा मिळाली खरी, पण तो रांगेच्या शेवटीं उभा होता. शिवाय त्यांत ५जी नाहीं, आणि आपल्या देशांत ती सेवा २०२२ च्या आक्टोबरांत सुरू झाली आहे. आयफोन १२ पासून ५जी आहे, परंतु त्याची मूळ सांठवणूक ६४ जीबी. आणि आयफोनांत बाहेरून मेमरी कार्ड घालण्याची सोय नाहीं. अँड्रॉइडवर कार्ड घालून निभावून नेणाऱ्या मनुष्यास ही अडचण पहिल्या लग्नसराईंतच कळते. २०२१ च्या आयफोन १३ मध्यें निदान १२८ जीबी असते. म्हणून, पैसे पुरत असतील तर १३, न पुरतील तर १२ ची मोठ्या सांठवणुकीची प्रत, आणि याहून मागें जाऊं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. तेवढेहि पैसे नसतील तर आयफोनचा नाद सोडावा. त्यांत कमीपणा कांहीं नाहीं.

उलट दिशेनें, म्हणजे अँड्रॉइडकडे येणाऱ्यांनीं कंपनीचें वचन वाचावें. गूगलनें २०२३ च्या पिक्सेल ८ ला, आणि सॅमसंगनें २०२४ च्या गॅलेक्सी एस२४ ला सात वर्षांच्या दुरुस्त्यांचें वचन दिलें. त्याआधींच्या २०२३ च्या एस२३ ला संरक्षणाच्या दुरुस्त्यांचीं पांच वर्षेंच आहेत. स्वस्त मॉडेलांचीं वचनें बहुधा याहून आंखूड असतात. कॅमेऱ्याविषयीं लिहीत बसण्याचें कारण नाहीं. वर सांगितलेल्या कोणत्याहि फोनचा कॅमेरा घरगुती कामास पुरून उरतो.

आतां किंमतीविषयीं. बुरूज बांधूं पाहणाऱ्याचा शुभवर्तमानांतील दृष्टांत आमच्या विद्यार्थ्यांस परिचित आहे. त्याचा उपयोग येथें करावा. दुकानदार सांगतो ती फोनची किंमत, प्रणाली बदलण्याची नव्हे. अँड्रॉइडवर विकत घेतलेलें ॲप आयफोनवर फुकट येत नाहीं. आयफोन १४ पर्यंतच्या फोनांस लाइटनिंगची तार लागते. घरांतील सी जातीची तार त्यांत बसत नाहीं. बॅटरी थकली असेल तर तिचा खर्च वेगळा. आयफोनच्या सेटिंग्जमध्यें बॅटरीचें आरोग्य टक्क्यांत दिसतें. ऐंशींच्या खालीं गेलें असल्यास नव्या बॅटरीचे पैसे किंमतींतून आधींच वजा करून घ्यावे. पडदा किंवा बॅटरी बदललेली असल्यास ती मूळ कंपनीची आहे कीं नाहीं, हें आयफोन १२ व त्यापुढील फोनांत सेटिंग्जमध्येंच कळतें.

घेतेवेळीं *#०६# हे अंक दाबून पंधरा आंकडी आयएमईआय पाहावा, आणि रोमी लिपींत केवायएम हीं अक्षरें, मग एक जागा सोडून तो आंकडा, असा संदेश १४४२२ वर धाडावा. चोरीचा म्हणून बंद केलेला फोन असेल तर सरकारी नोंदींतून तें समजतें. बिल मागण्यास लाजूं नये. मागच्या मालकाचें खातें फोनवरून निघालें आहे याची खात्री पैसे देण्यापूर्वींच करावी, कारण तें राहिलें तर कुलूप लागतें व त्या मालकावांचून तें उघडत नाहीं. आमच्या एका माजी विद्यार्थ्यानें पहिल्या पगारांतून असा फोन घेतला; विकणारा पुन्हा दिसला नाहीं, आणि फोन आजहि त्याच्या कपाटांत बंद पडून आहे. अमेरिकेंतील नातेवाइकाकडून फोन येणार असेल तर आणखी एक गोष्ट : तेथें विकल्या जाणाऱ्या आयफोन १४ व नंतरच्या फोनांस सिमचें खांचच नसतें, सिम केवळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपाचें चालतें.

सर्वांत जपून करावयाचें काम सामान हलविण्याचें. फोटो व संपर्क सहज येतात. व्हॉट्सॲपचें तसें नाहीं. अँड्रॉइडवरील त्याची प्रत गूगलच्या खात्यांत राहते. आयफोन ती तेथून उचलीत नाहीं. २०२२ पासून 'मूव्ह टू आयओएस' या ॲपच्या द्वारें संभाषणें नेतां येतात, पण त्यासाठीं आयफोन कोरा किंवा पुसून कोरा केलेला असावा, आणि दूरध्वनीचा क्रमांक तोच असावा. आधीं आयफोन घाईनें सुरू करून मग जुनीं संभाषणें शोधूं लागणारा मनुष्य अडचणींत येतो. ज्या घरीं आजोबांचा आवाज केवळ व्हॉट्सॲपच्या एका संदेशांत उरला आहे, त्यांनीं तो आधीं वेगळा काढून संगणकावर उतरवून ठेवावा. यूपीआयची नोंदणी नव्या फोनवर नव्यानें करावी लागते. त्यासाठीं सिम नव्या फोनांत हवें, व त्यावरून संदेश जाण्याइतकी शिल्लक हवी. आयफोन सोडणाऱ्यांनीं सिम काढण्यापूर्वीं आयमेसेज बंद करावें, नाहींतर कांहीं संदेश जुन्याच फोनाकडे जात राहतात.

जुना फोन लगेच विकूं नये. निदान पंधरा दिवस तो जवळ ठेवावा; काय राहिलें तें तेवढ्यांत आठवतें. नंतर त्यावरील खातें प्रथम काढावें आणि मग फोन पुसावा. क्रम उलटा झाल्यास तोच फोन घेणाऱ्या दुसऱ्या कोणाच्या हातीं कुलूपबंद जातो.