खिडकीतली होया

शहरातल्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात वेल लावायची म्हटली, की पहिली अडचण अंगणाची. पण अंगणावाचून सुखानं राहणारी एक वेल आहे. तिचं नाव होया. रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञानं १८१० साली हे नाव ठेवलं, ते टॉमस हॉय नावाच्या एका इंग्रज माळ्यावरून!

होया आपल्या रुईच्या कुळातली. पान तोडलं की पांढरा चीक येतो. आशियातल्या उष्ण, दमट रानांत ती बहुधा मोठ्या झाडांच्या खोडांवर वाढते. आपल्या सह्याद्रीतही तिच्या जाती आहेत. झाडाचा आधार घेते, पण त्याचा रस शोषत नाही. खोडाच्या बेचक्यांत साठलेला पालापाचोळा आणि पावसाचं पाणी, एवढ्यावर तिचं भागतं. तिचं हे माहेर ध्यानात घेतलं, की निगा कशी राखावी ते आपोआप कळतं.

कुंडी लहान घ्यावी, तळाला भोक असावं. निव्वळ माती नको. तीत विटांचे तुकडे, कोळसा, नारळाच्या शेंड्या आणि थोडं कुजलेलं शेणखत मिसळावं. रोज पाणी घालणं म्हणजे तिची मुळं कुजवणं. वरची माती बोटाला कोरडी लागली, की मगच घालावं. पावसाळ्यात हात आणखी आखडता घ्यावा. पूर्वेच्या खिडकीतलं कोवळं ऊन तिला मानवतं. अंधाऱ्या कोपऱ्यात ती जगते, पण फुलत नाही.

आता मुख्य गोष्ट. या वेलीला कधी कधी लांबच लांब, बिनपानांचे फुटवे येतात. ते वाळके समजून कापू नयेत. पानं मागाहून येतात. फुलाला दोन-तीन वर्षंही लागतात. मग एके दिवशी मेणानं घडवल्यासारख्या चांदण्यांचा झुबका लटकतो आणि रात्री खोलीभर सुवास पसरतो. फुलं गळाल्यावर उरलेला आखूड देठ मात्र खुडू नका. पुढच्या खेपेस कळ्या त्याच देठावर धरतात. स्वच्छतेच्या हौसेनं तो छाटला, की येणारा बहर आपणच कापला म्हणायचं.

आणि वेल विकतच आणायला हवी असं नाही. कुणाकडे असली, तर दोन पेरांची काडी मागून घ्या, चीक धुऊन ओलसर वाळूत खोचा. काही आठवड्यांत ती मूळ धरील.