चित्रपटाच्या वेष्टनावर पोस्टराचा हक्क

चित्रगृहात एखादा चित्रपट लागण्यापूर्वी त्याची पहिली ओळख करून देण्याचे काम ज्या पोस्टराकडे सोपविलेले असते, ते पोस्टर त्या चित्रपटाचाच एक भाग समजावे की केवळ जाहिरातीचा कागद समजावा, हा प्रश्न चित्रगृहांच्या भरभराटीच्या काळात फारसा कोणाला पडला नाही. कारण खेळ उतरला की त्या पोस्टरावर पुढच्या शुक्रवारचे पोस्टर चिकटत असे आणि खालचे कायमचे विस्मृतीत जात असे. परंतु १९७५ साली सोनी कंपनीने बीटामॅक्स आणि पुढच्याच वर्षी जेव्हीसी कंपनीने व्हीएचएस ही पद्धती जपानात बाजारात आणली, आणि चित्रपट ही विकत घेऊन घरच्या फळीवर ठेवण्याजोगी वस्तू होऊन बसली, तेव्हापासून या प्रश्नाला व्यवहारी रूप आले. वस्तू म्हटली की तिला वेष्टन आले, आणि त्या वेष्टनावर चित्रपटाचे जुनेच पोस्टर छापावे की नवे चित्र घालावे याचा निवाडा कोणाला तरी करणे भाग पडले. व्हीएचएसनंतर डीव्हीडी आली, डीव्हीडीनंतर २००६ साली ब्लू-रे आली, पण हा वाद मात्र मिटला नाही. उलट जुन्या चित्रपटाची प्रत्येक नवी आवृत्ती निघाली की रसिकांत तो नव्याने उपस्थित होतो.

विक्रेत्यांच्या पक्षाची कैफियत प्रथम ऐकून घेणे न्यायाचे होईल, कारण ती अगदीच निराधार नाही. अमेरिकेत चित्रगृहाबाहेर लागणाऱ्या पोस्टराचा रूढ आकार सत्तावीस इंच रुंद आणि एकेचाळीस इंच उंच असा दीर्घकाळ होता. डीव्हीडीच्या वेष्टनाची दर्शनी बाजू मात्र जेमतेम पाच इंच रुंद व सव्वासात इंच उंच असते. म्हणजे मूळ चित्राला क्षेत्रफळाच्या सुमारे तिसाव्या भागात अंग चोरून बसावे लागते. ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स’ या १९९१ सालच्या चित्रपटाचे पोस्टर पाहा. त्यातील तरुणीच्या ओठांवर एक पतंग बसलेला आहे आणि त्या पतंगाच्या पाठीवर मानवी कवटीची आकृती आहे. पण ती कवटी नीट निरखली तर सात विवस्त्र स्त्रियांच्या देहांची मिळून झालेली आहे असे ध्यानात येते. छायाचित्रकार फिलिप हाल्समन याने साल्वादोर दाली या चित्रकाराच्या साहाय्याने १९५१ मध्ये जे छायाचित्र सिद्ध केले होते, त्यावरून ही कल्पना उचललेली आहे. भिंतीवरच्या पोस्टरापाशी थांबणाऱ्याला या गूढाचा उलगडा होऊ शकतो. हातातल्या वेष्टनावर मात्र सात देह दूरच राहिले, कवटीसुद्धा डोळे ताणूनच पाहावी लागते. ‘इट्स अ मॅड, मॅड, मॅड, मॅड वर्ल्ड’ या १९६३ सालच्या विनोदी चित्रपटासाठी जॅक डेव्हिस याने काढलेल्या माणसांच्या तुफान झुंबडीचीही हीच गत व्हायची. इंग्लंडमधील पोस्टरांची अडचण तर याहून निराळी, कारण तेथील रूढ पोस्टर चाळीस इंच रुंद आणि तीस इंच उंच, म्हणजे आडवे असे. ते उभ्या वेष्टनावर घालायचे तर दोन्ही बाजूंना कात्री लावणे, नाही तर मांडणीच नव्याने करणे, एवढेच दोन मार्ग उरतात.

असे असले तरी आकाराच्या या सबबीला एक मर्यादा आहे. सॉल बास याने ‘द मॅन विथ द गोल्डन आर्म’ (१९५५), ‘व्हर्टिगो’ (१९५८) आणि ‘अॅनाटॉमी ऑफ अ मर्डर’ (१९५९) या चित्रपटांसाठी केलेली पोस्टरे आठवावीत. वेडावाकडा वळलेला एक हात, नारिंगी पार्श्वभूमीवरील एका भोवऱ्यात कोसळणारी मनुष्याकृती, तुकडे करून मांडलेला एक देह, एवढ्याच सामग्रीवर बासने काम भागविले. आणि म्हणूनच ही चित्रे टपालाच्या तिकिटाएवढी केली तरी त्यांची ओळख पुसत नाही. ड्रू स्ट्रुझन या चित्रकाराने १९८२ साली ‘द थिंग’ या चित्रपटासाठी जे पोस्टर रंगविले, ते त्याने एका रात्रीत पुरे केले असे सांगतात. हिमप्रदेशात उभा असलेला, जाड कोटातला एक माणूस आणि त्याच्या चेहऱ्याच्या जागी फुटलेला प्रखर प्रकाश, इतकेच त्यात आहे. कथानकाचा एक शब्दही न उघडता भयाची जाणीव करून देणारे हे चित्र मोठ्या भिंतीवर जितके परिणामकारक, तितकेच तळहातावरही. तात्पर्य, जे पोस्टर लहान होताच निकामी होते त्याच्या बाबतीत विक्रेत्याची तक्रार रास्त आहे. परंतु जे लहान होऊनही बोलते त्यालाही जेव्हा हद्दपार केले जाते, तेव्हा कारण आकाराचे नसून दुसरेच काही असते.

ते दुसरे कारण म्हणजे नटनट्यांचे चेहरे. डीव्हीडीच्या काळात संगणकावर छायाचित्रे कापून जोडणे सोपे झाल्याबरोबर वेष्टनांवर एक ठराविक रचना सर्रास दिसू लागली: वरच्या अर्ध्या भागात दोन-तीन प्रमुख कलावंतांची मुंडकी अधांतरी तरंगत आहेत, खालच्या भागात एखादी मोटार, शहर किंवा स्फोट आहे, आणि सर्वांवर निळसर वा नारिंगी रंगाची एक झाक पसरली आहे. यामागचा हिशेब असा की, दुकानातल्या फळीवर शेकडो वेष्टने एकमेकांना खेटून उभी असताना गिऱ्हाइकाची नजर ओळखीच्या चेहऱ्यावरच प्रथम ठरते. शिवाय कलावंताचे नाव कोठे व केवढ्या अक्षरांत छापावे याच्या शर्ती करारनाम्यांत घातलेल्या असतात, आणि चित्रपट निघाला तेव्हा दुय्यम असलेला नट पुढे प्रख्यात झाला, तर त्यालाच समोर आणण्याचा मोह विक्रेत्याला आवरत नाही. हा हिशेब व्यापाराच्या दृष्टीने चुकीचा म्हणता येणार नाही. त्याचा परिणाम मात्र असा झाला की, प्रहसन, शोकांतिका आणि युद्धपट या तिन्हींची वेष्टने एकाच साच्यातून काढल्यासारखी दिसू लागली, आणि चित्रपटाची जात ओळखून देणे हे जे पोस्टराचे मूळ कर्तव्य, तेच नेमके वेष्टनाने सोडून दिले.

वेष्टनावरील चित्राचे सामर्थ्य केवढे असते, याचा एक विलक्षण दाखला इंग्लंडच्या इतिहासात नमूद आहे. ‘द ड्रिलर किलर’ हा एबल फेरारा याचा १९७९ सालचा अमेरिकन चित्रपट १९८२ मध्ये तेथे व्हिडिओ कॅसेटच्या रूपाने विक्रीस आला, तेव्हा त्याच्या वेष्टनावर एका माणसाच्या कपाळात यंत्राने भोक पाडले जात असल्याचे दृश्य होते. त्याची जाहिरात पाहून तक्रारी झाल्या, वृत्तपत्रांनी काहूर माजविले, आणि अशा कॅसेटींविरुद्ध उठलेल्या एकंदर गदारोळाची परिणती १९८४ च्या कायद्यात होऊन घरगुती चित्रफितींनाही प्रमाणपत्राची सक्ती झाली. ज्यांनी तो चित्रपट प्रत्यक्ष पाहिला त्यांच्यापैकी पुष्कळांचे म्हणणे असे की, तो त्याच्या वेष्टनाइतका भीषण नाही. आतल्या मालाशी इमान न राखणारे वेष्टन केवळ सौंदर्यदृष्ट्याच सदोष ठरते असे नव्हे, तर प्रसंगी चित्रपटालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करते, हा यातून घ्यावयाचा बोध.

आता दुसऱ्या पक्षाचीही उलटतपासणी केली पाहिजे. ‘मूळ पोस्टर राखा’ असे म्हणणाऱ्यांना मूळ कशाला म्हणावे हे दरवेळी सांगता येतेच असे नाही. ‘जॉज’ या १९७५ सालच्या चित्रपटाचे जगप्रसिद्ध पोस्टर, ज्यात पोहणाऱ्या स्त्रीच्या दिशेने खोल पाण्यातून शार्क मासा जबडा पसरून वर येत आहे, ते रॉजर कॅस्टेल याने मुळात कादंबरीच्या स्वस्त आवृत्तीच्या मुखपृष्ठासाठी रंगविले होते. चित्रपटाने ते मागाहून घेतले, आणि कॅस्टेलची अस्सल कलाकृती पुढे गहाळ झाली. एकाच चित्रपटाची अमेरिकेत एक, इंग्लंडात दुसरी आणि पोलंडमध्ये तिसरी अशी निरनिराळी पोस्टरे निघत, आणि पोलंडमधील चित्रकार तर मूळ जाहिरातीची मुळीच पर्वा न करता स्वतःच्या कल्पनेने काम करीत. याउलट सत्यजित राय यांच्यासारखा दिग्दर्शक आपल्या चित्रपटांची पोस्टरे स्वतःच्या हाताने सिद्ध करी. तेथे पोस्टर आणि चित्रपट ही एकाच मनाची अपत्ये असल्यामुळे पोस्टर बदलणे म्हणजे कर्त्याचे अक्षर खोडण्यासारखे होते. म्हणून मूळपणाचा आग्रह धरताना, पोस्टर आणि चित्रपट यांचे नाते किती निकटचे आहे याची रुजुवात करून घेणे हे रसिकाचेही कर्तव्य आहे.

या विषयात महाराष्ट्राचा संबंध उगाच जोडावा लागत नाही. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर हे चित्रकार असून चित्रपटकार झाले, आणि आपल्या चित्रपटांची पोस्टरे त्यांनी स्वतः रंगविली. १९२४ सालच्या ‘कल्याणचा खजिना’ या मूकपटाचे पोस्टर हे आज उपलब्ध असलेल्या भारतीय चित्रपट-पोस्टरांपैकी सर्वांत जुने मानले जाते. त्याच कोल्हापूरचे जी. कांबळे यांनी १९६० च्या ‘मुघल-ए-आझम’चे भव्य फलक रंगविले, आणि दिवाकर करकरे यांनी ‘दीवार’सारख्या चित्रपटांच्या पोस्टरांना रंगांच्या जाड फटकाऱ्यांनी एक धगधगीत रूप दिले. आपल्या देशात तयार झालेल्या तेराशेहून अधिक मूकपटांपैकी बोटांवर मोजण्याइतकेच आज शिल्लक आहेत. नष्ट झालेल्या अनेक चित्रपटांबद्दल जे काही थोडे कळते, ते पोस्टर, पुस्तिका आणि छायाचित्रे यांच्यावरूनच. अशा स्थितीत पोस्टर हा शोभेचा कागद राहत नाही, तो दफ्तरी जपून ठेवण्याजोगा दस्तऐवज ठरतो. तरीही २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी अठ्ठावीस आणि डीव्हीडी चौतीस रुपयांना विकावयास आरंभ केला आणि स्वस्ताईची लाट आली, तेव्हा बाजारातल्या पुष्कळ वेष्टनांवर चित्रपटातील छायाचित्रांची घाईघाईची जुळवाजुळवच दिसे. मूळ पोस्टर क्वचित, आणि ते काढणाऱ्याचे नाव तर जवळजवळ कधीच नाही.

मात्र गेल्या काही वर्षांत या वादाचा पायाच बदलला आहे. तबकडी विकत घेणारे सामान्य गिऱ्हाईक बाजारातून निघून गेले. नेटफ्लिक्सने २०२३ च्या सप्टेंबरात टपालाने डीव्हीडी पाठविण्याचा आपला मूळ व्यवसाय बंद केला, आणि पडद्यावर तीच कंपनी एका चित्रपटासाठी निरनिराळ्या प्रेक्षकांना त्यांच्या आवडीनुसार निरनिराळी चित्रे दाखविते. ज्याला केवळ चित्रपट पाहावयाचा आहे त्याला वेष्टनाची आता गरजच उरली नाही. जो अजूनही तबकडी विकत घेतो तो संग्राहक आहे. त्याने तो चित्रपट बहुधा आधी पाहिलेला असतो, आणि त्याला ओळखीचा चेहरा दाखवून भुलविण्याचे काही प्रयोजन नसते. त्यामुळे फळीवरच्या गर्दीत उठून दिसण्याची जी सबब विक्रेते पुढे करीत आले, ती आता पुष्कळशी कालबाह्य झाली आहे.

या नव्या परिस्थितीत दोन मार्ग प्रशस्त दिसतात. अमेरिकेतील क्रायटेरियन ही संस्था १९८४ पासून निवडक चित्रपट प्रकाशित करीत आली असून, समर्थ चित्रकारांकडून नवी वेष्टने काढून घेण्याची तिची प्रथा आहे. अशी वेष्टने बदललेली असली तरी ती चित्रपट पाहून, त्याचा अर्थ लावून केलेली असतात, आणि मुंडकी चिकटविलेल्या वेष्टनांच्या पंक्तीला त्यांना बसविता येणार नाही. इंग्लंडच्या अॅरो व्हिडिओने दुसरी युक्ती काढली: वेष्टनाच्या एका बाजूला नवे चित्र आणि उलट बाजूला मूळ पोस्टर छापावयाचे, म्हणजे ज्याला जे रुचेल ते त्याने बाहेर ठेवावे. कागद तोच, डबीही तीच. छपाईचा जो काय थोडा जादा खर्च असेल तेवढाच.

म्हणून माझा निवाडा असा: जे पोस्टर लहान आकारातही आपले म्हणणे सांगू शकते, ते वेष्टनाच्या दर्शनी बाजूवरच राहिले पाहिजे. जे सांगू शकत नाही, त्याच्या जागी नवे चित्र जरूर यावे, पण मूळ पोस्टर उलट बाजूवर किंवा आतल्या पुस्तिकेत, पूर्ण आकृतीसह, कोठेही न कापता द्यावे. आणि दोन्ही परिस्थितींत चित्रकाराचे नाव छापावे, मग तो हॉलीवूडचा असो की कोल्हापूरचा. जुन्या मराठी चित्रपटांची नवी आवृत्ती काढण्याची तजवीज जे प्रकाशक करीत असतील, त्यांनी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातील पोस्टरांकडे प्रथम पाहावे. आणि वाचकांनीही अशी आवृत्ती विकत घेताना मूळ पोस्टर कोठे आहे, ते कोणी काढले, एवढे दोन प्रश्न प्रकाशकाला विचारण्याचा हक्क सोडू नये.