लेन्समधले थोरियम, फोनमधली मोजणी

असाही पेंटॅक्सची सुपर टाकुमार ही ५० मिलिमीटर, एफ १.४ लेन्स कॅमेऱ्यावरून काढून पांढऱ्या कागदावर धरली, की पुष्कळदा कागद फिकट चहाच्या रंगाचा दिसतो. काच जुनी झाली, धूर लागला, कुठेतरी दमट कपाटात पडून राहिली असेल, असे तर्क केले जातात. खरे कारण काचेच्या आतच आहे. १९६० च्या दशकाच्या मध्यापासून निघालेल्या सात भिंगांच्या टाकुमारमध्ये, मागच्या गटातल्या काचेत, थोरियम मिसळलेले आहे. गेली जवळपास साठ वर्षे ते त्या काचेवर आतून मारा करत आहे. त्याआधीच्या आठ भिंगांच्या टाकुमारमध्ये थोरियम नव्हते, म्हणून ती अशी पिवळी पडत नाही. बाहेरून मात्र दोघी जवळपास सारख्याच.

पिवळेपणा ही संग्राहकांची जुनी, बिनखर्चाची खूण. तिच्यात एक गोची आहे. थोरियममधून निघालेले किरण काचेतल्या इलेक्ट्रॉनांना जागेवरून हलवतात, हे इलेक्ट्रॉन काचेच्या रचनेतल्या उणिवांमध्ये अडकून बसतात आणि तिथे निळा-जांभळा प्रकाश शोषला जाऊ लागतो. उरतो तो पिवळा. पण अतिनील किरणांचा दिवा किंवा कडक ऊन काही दिवस, काही वेळा काही आठवडे मिळाले, की अडकलेले इलेक्ट्रॉन सुटतात आणि काच पुन्हा स्वच्छ होते. लेन्सखाली ॲल्युमिनियमची फॉइल पसरून ती खिडकीत ठेवायची, हा जगभरच्या हौशी लोकांचा उपाय आहे. रंग जातो, थोरियम होते तिथेच राहते. त्यामुळे विक्रेत्याने चकचकीत करून मांडलेल्या लेन्सबद्दल डोळ्यांना काहीच सांगता येत नाही. मुंबईच्या चोर बाजारात जुनी लेन्स उचलणाऱ्यापाशी गायगर काउंटर नसतो. खिशात फोन मात्र असतो, आणि त्या फोनच्या कॅमेऱ्यात सिलिकॉनचा एक तुकडा असतो.

त्या तुकड्याकडे वळण्याआधी काचेत थोरियम घालण्याचा खटाटोप कोणी आणि का केला, ते पाहायला हवे. लेन्स आखणाऱ्याला प्रकाश जोरात वाकवणारी काच हवी असते. पण साधारणपणे जी काच प्रकाश जास्त वाकवते, ती रंगही जास्त फाकवते आणि चित्राच्या कडांना रंगीत झालर येते. वाकवणे जास्त आणि रंग फाकणे कमी, असा मेळ जुन्या काचांमध्ये मिळत नव्हता. १९३० च्या दशकात वॉशिंग्टनच्या कार्नेगी संस्थेच्या भूभौतिकी प्रयोगशाळेत जॉर्ज मोरी यांनी वाळूऐवजी बोरेटचा पाया घेऊन त्यात लँथॅनम, थोरियम, टँटलम अशा मूलद्रव्यांची ऑक्साइडे मिसळली आणि हा मेळ जमवला. कोडॅकने तो उद्योगात आणला. एफ १.४ किंवा एफ १.२ इतके मोठे छिद्र असूनही कडेपर्यंत रेखीव चित्र देणाऱ्या लेन्स बनवणे त्यामुळे सोपे झाले. काही काचांमध्ये थोरियम वजनाच्या तीस-चाळीस टक्क्यांपर्यंत होते.

या काचेची सर्वात गाजलेली लेन्स युद्धातून आली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी विमानांमधून, विशेषतः रात्री, टेहळणीची छायाचित्रे काढण्यासाठी कोडॅकने एरो एक्टार बनवली. सात इंच नाभीय अंतर, एफ २.५ आणि हाताला जाणवेल असे वजन. कोडॅक आपल्या लेन्सच्या क्रमांकाआधी इंग्रजीत लिहिलेल्या ‘कॅमेरॉसिटी’ या शब्दातली दोन अक्षरे घालत असे. त्या शब्दातल्या दहा अक्षरांना एक ते नऊ आणि शेवटी शून्य असे अंक दिलेले, म्हणजे ‘ईई’ ने सुरू होणारी लेन्स १९४४ ची. युद्धानंतर या लेन्स लष्करी भंगारात स्वस्तात विकल्या गेल्या. अमेरिकी वृत्तछायाचित्रकार डेव्हिड बर्नेट यांनी एकविसाव्या शतकात जुन्या स्पीड ग्राफिक कॅमेऱ्यावर एरो एक्टार चढवून निवडणूक प्रचार टिपला, तेव्हापासून तिची मागणी वाढली. थोरियमच्या यादीत कॅननची एफएल ५८ मिलिमीटर एफ १.२ आहे, आत दबलेल्या पुढच्या भिंगाची एफडी ३५ मिलिमीटर एफ २ आहे, लाइट्सच्या सुरुवातीच्या काही समिक्रॉन आहेत, याशिकाच्या काही लेन्स आहेत. १९७० च्या दशकात लँथॅनमच्या काचा सुधारल्या आणि थोरियम मागे पडले.

थोरियम-२३२ चे अर्धायुष्य सुमारे १४०५ कोटी वर्षांचे. साठ वर्षांत ते कमी झाले असेल, अशी आशा ठेवण्यात अर्थ नाही. उलट इथे एक गंमत आहे. खनिजातून थोरियम वेगळे काढताना त्याच्या क्षयाच्या साखळीतले रेडियम बाजूला पडते. शुद्ध केलेल्या थोरियमची किरणे त्यामुळे पहिली काही वर्षे घटतात. मग आतल्या आत रेडियम-२२८ नव्याने साचू लागते. त्याचे अर्धायुष्य पावणेसहा वर्षांच्या आसपास, म्हणून साखळी पुन्हा भरून यायला काही दशके लागतात. १९६७ ची एखादी लेन्स १९७२ मध्ये होती त्यापेक्षा आज अधिक किरणोत्सर्गी आहे.

मराठी घरांना थोरियम तसे परके नाही. लग्नाच्या मांडवात आणि तमाशाच्या कनातीत जळणाऱ्या गॅसबत्तीच्या जाळीदार मँटलमध्ये तेच असे. ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी ठरवलेले प्रमाण ९९ टक्के थोरियम ऑक्साइड आणि एक टक्का सेरियम ऑक्साइड असे होते. केरळच्या किनाऱ्यावरच्या मोनाझाइट वाळूतून मिळालेल्या मालापासून थोरियम नायट्रेट बनवणारा कारखाना १९५५ मध्ये ट्रॉम्बेला सुरू झाला. त्याचे गिऱ्हाईक मँटल बनवणारे होते. आज ज्यांना फोन तपासून पाहायचा आहे, त्यांच्यासाठी जुना मँटल हा लेन्सइतकाच चांगला नमुना आहे. फक्त त्याची राख उडते, म्हणून तो बंद पिशवीतच ठेवावा.

आता फोन. कॅमेऱ्याचा सेन्सर म्हणजे सिलिकॉनची पट्टी. प्रकाशाचा एक कण पडला की तिथे एक इलेक्ट्रॉन सुटतो. बीटा किरण, किंवा गॅमा किरणाने सिलिकॉनमध्ये उडवलेला इलेक्ट्रॉन, त्याच पट्टीतून जाताना दर मायक्रॉनला साधारण ऐंशी इलेक्ट्रॉन मोकळे करतो. काही मायक्रॉनांच्या थरात ही संख्या दोनशे-तीनशेच्या घरात जाते आणि सगळा भार एक-दोन पिक्सेलांवर पडतो. उजेड असेल तर हे कळणारच नाही. कॅमेऱ्यावर काळी चिकटपट्टी लावून पूर्ण अंधार केला, की काळ्या चौकटीत एखादा ठिपका चमकतो, कधी छोटी रेघ उमटते. ॲप हे ठिपके मोजते.

या कल्पनेला बळ मिळाले ते ११ मार्च २०११ नंतर. फुकुशिमाच्या अपघातानंतर जपानमध्ये गायगर काउंटर बाजारातून नाहीसे झाले आणि लोकांनी हाताशी असलेल्या वस्तूंकडे पाहायला सुरुवात केली. पॉकेट गायगर या प्रकल्पाने फोटोडायोडची छोटी चकती आयफोनच्या हेडफोनच्या खाचेत जोडली. तिच्या सुरुवातीच्या आवृत्तीचे खोके म्हणजे पेपरमिंटच्या गोळ्यांची डबी होती. २०१२ मध्ये शार्पने सॉफ्टबँकसाठी पँटोन ५ हा फोन आणला, त्यात किरणमापक कारखान्यातूनच बसवलेला होता. बाहेरची कोणतीही जोडणी न घेता फक्त कॅमेऱ्यावर चालणाऱ्या ॲपमध्ये जर्मनीच्या रोल्फ-डिटर क्लाइन यांचे रेडिओॲक्टिव्हिटी काउंटर आणि अमेरिकेचे गॅमापिक्स ही नावे पुढे आली. आयडाहो नॅशनल लॅबोरेटरीतल्या संशोधकांनीही अँड्रॉइड फोनवर हे काम केले. दुसरीकडे क्रेफिस आणि डेको या प्रकल्पांनी हीच युक्ती अवकाशातून येणाऱ्या कणांसाठी वापरली.

ते अवकाशातले कण लेन्स तपासणाऱ्याच्याही हिशेबात येतात. समुद्रसपाटीला एका चौरस सेंटिमीटरवर मिनिटाला साधारण एक म्यूऑन पडतो. फोनचा सेन्सर पाव चौरस सेंटिमीटरचा धरला, तर दर चार मिनिटांना एक ठिपका लेन्स नसतानाही उमटू शकतो. नावाजलेल्या गायगर काउंटरमध्ये वापरल्या जाणाऱ्या चपट्या नळीचे तोंड सुमारे पंधरा चौरस सेंटिमीटरचे असते, म्हणजे फोनच्या साठपट. शिवाय गॅमा किरणांपैकी बहुतेक सगळे त्या पातळ सिलिकॉनमधून काही न करता निघून जातात. म्हणून फोनला वेळ द्यावा लागतो.

कामाची रीत ठरलेली आहे. फोन चार्जरवरून काढून टेबलावर थंड होऊ द्यायचा, कारण गरम सेन्सरमधली खळबळ वाढते आणि खोटे ठिपके येतात. एकाच जागी पुन्हा पुन्हा चमकणारे पिक्सेल सदोष समजून आधीच वगळायचे. किरणांचे ठिपके जागा बदलत येतात. नव्या फोनांत आणखी एक अडचण आहे. छायाचित्र ‘सुधारणारे’ सॉफ्टवेअर एकटा चमकणारा ठिपका दोष समजून पुसून टाकते, म्हणजे जे मोजायचे तेच नाहीसे होते. जिथे कच्चे चित्र वाचता येते तिथे ॲप बरे चालते. मग लेन्सचे मागचे झाकण काढून तिचा मागचा भाग फोनच्या कॅमेऱ्याला जितका टेकेल तितका टेकवायचा. टाकुमारमध्ये थोरियमचे भिंग तिकडेच असते. अंतर बोटभर वाढले तरी मोजणी झपाट्याने घटते.

आणि तुलना. समजा अर्धा तास नुसता फोन ठेवला आणि आठ ठिपके आले, लेन्ससह अर्ध्या तासात चाळीस आले. अशा मोजणीतला चढउतार संख्येच्या वर्गमुळाइतका धरतात. दोन्ही मिळून तो सात भरतो, आणि फरक बत्तीसचा आहे. थोरियम आहे, असे म्हणायला हरकत नाही. चाळीसच्या जागी बाराच आले असते, तर त्यातून काहीच सिद्ध होत नव्हते. मग वेळ वाढवायचा किंवा लेन्स उलटी करून पुन्हा मोजायचे. लँथॅनमच्या काचेतही अत्यल्प नैसर्गिक किरणोत्सार असतो, पण तो फोनच्या आवाक्यात येत नाही.

ॲप पडद्यावर किरणांच्या मात्रेचा, म्हणजे मायक्रोसिव्हर्टचा, आकडाही दाखवते. त्याकडे दुर्लक्ष केलेले बरे. हे आकडे सहसा सिझियमसारख्या ठरावीक स्रोताच्या गॅमा किरणांवर बेतलेले असतात. लेन्समधून मात्र बीटा आणि निरनिराळ्या ऊर्जेचे गॅमा एकत्र बाहेर पडतात. अल्फा किरण तर काचेतच अडतात. ‘आहे की नाही’ एवढे फोन सांगतो. ‘किती’ याचे उत्तर त्याच्याकडे नाही.

‘किती’चा हिशेब अमेरिकेत झालेला आहे. वर्षात तीस दिवस, रोज सहा तास असा कॅमेरा गळ्यात बाळगणाऱ्या छायाचित्रकाराला थोरियमच्या लेन्समधून वर्षाला सुमारे २० मायक्रोसिव्हर्ट मात्रा मिळेल, असा अंदाज आहे. निसर्गातून माणसाला जगभरात सरासरी वर्षाला २,४०० मायक्रोसिव्हर्ट मिळतातच. लेन्सपासून मीटरभर दूर गेले, की तिचे किरण या नैसर्गिक पातळीतून वेगळे काढणे अवघड जाते. खरी काळजी डोळ्याला चिकटणाऱ्या काचेची. अमेरिकी नियमांनी तीस टक्क्यांपर्यंत थोरियम असलेल्या लेन्सना परवान्यातून सूट दिली, पण चष्मे, कॉन्टॅक्ट लेन्स आणि दुर्बिणीच्या नेत्रिका त्या सवलतीतून वगळल्या. ओरखडे घालवण्यासाठी थोरियमची काच घासू नये, हाही तसाच साधा नियम. तिची पूड श्वासातून आत गेली, तर काचेत अडणारे अल्फा किरण फुप्फुसात मोकळे होतात.

ज्यांचे समाधान होकार-नकारावर होत नाही, ते आता फोनला दुसरे काम देतात. रेडियाकोडसारख्या खिशातल्या यंत्रात सिझियम आयोडाइडचा एक घन सेंटिमीटरचा स्फटिक असतो. तो प्रत्येक गॅमा किरणाची ऊर्जा मोजतो आणि ब्लूटूथवरून फोनच्या पडद्यावर आलेख काढतो. लेन्स शेजारी ठेवली, की शिशाच्या समस्थानिकाचे शिखर २३९ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टपाशी, थॅलियमचे ५८३ पाशी आणि ॲक्टिनियमचे ९११ पाशी वर येते. युरेनियमच्या साखळीची खूण असलेले ६०९ चे शिखर तिथे नसते. काचेत थोरियमच आहे, हे त्या आलेखावरून नावानिशी कळते. या मोजणीत फोनच्या कॅमेऱ्यावर काळी पट्टी लावावी लागत नाही.