प्रथिनांना चिकटणारी साखर

मधुमेहाच्या रोग्याने दवाखान्यात जाण्याच्या आदल्या दिवशी गोड वर्ज्य करावे, जेवण हलके घ्यावे आणि दुसऱ्या दिवशी रक्त तपासून घेऊन 'साखर ठीक आहे' असे समाधान मानावे, हा प्रकार पुष्कळ घरांतून चालत आलेला आहे. उपाशीपोटी मोजलेल्या साखरेला असे थोडेफार फसविता येतेही. परंतु आता डॉक्टर 'तीन महिन्यांची साखर' पाहतात, आणि ती सहसा फसत नाही. रक्ताच्या थेंबाला इतके मागचे कसे आठवते, हे समजण्यासाठी प्रथिनांच्या घडणीकडे वळले पाहिजे.

प्रथिने म्हणजे अमिनो आम्लांच्या साखळ्या होत. कोणते आम्ल कोणत्या क्रमाने गुंफावयाचे, याचा लेख जनुकांत असतो. मात्र साखळी गुंफली म्हणजे प्रथिन तयार झाले असे नव्हे. चाकावरून उतरविलेले मडके थापटावे, वाळवावे आणि भाजावे लागते, तेव्हा कोठे त्यात पाणी ठरते. प्रथिनांवरही तसेच पुढील संस्कार व्हावे लागतात. इन्सुलिन प्रथम एका लांब साखळीच्या रूपात तयार होते व तिचा मधला तुकडा कापला गेल्यावरच ते कामास येते, हे डोनाल्ड स्टायनर यांनी 1967 साली दाखविले. त्वचा, हिरड्या व रक्तवाहिन्या यांना बळकटी देणाऱ्या कोलॅजनची गोष्टही अशीच आहे. त्याच्या काही अमिनो आम्लांना ऑक्सिजन व हायड्रोजन यांची जोडी जोडावी लागते, आणि या कामी क जीवनसत्त्व लागते. आवळा, पेरू, लिंबू यांतून मिळणारे हे सत्त्व दीर्घकाळ पोटात गेले नाही, तर कोलॅजन कच्चे राहते आणि हिरड्यांतून रक्त येऊ लागते. तोच स्कर्व्ही रोग.

हे संस्कार विकरांच्या देखरेखीखाली होतात. साखरेचे चिकटणे मात्र कोणाच्याही आज्ञेवाचून घडते. रक्तातील ग्लुकोज आपण होऊन प्रथिनांना बिलगते. साखर जितकी जास्त, तितके हे बिलगणे जास्त. तांबड्या पेशीतील हिमोग्लोबिनात दोन आल्फा व दोन बीटा साखळ्या असतात. बीटा साखळीच्या अगदी पहिल्या जागी व्हॅलीन असते, तेथे ग्लुकोज जडते, आणि एकदा त्याची रचना बदलून पक्के बसले की सहजी सुटत नाही. तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते व तेवढ्या काळातील साखरेची खूण अंगावर वागविते. मधुमेही रोग्यांच्या रक्तातील हे निराळे हिमोग्लोबिन तेहरानमध्ये सॅम्युएल राहबर यांच्या नजरेस आले. 1968 साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. आज त्याचे प्रमाण 5.7 टक्क्यांहून कमी असल्यास ठीक, 6.5 टक्के वा अधिक असल्यास मधुमेह, असे मानतात.

ही केवळ मोजमापाची सोय असती, तर तिचे एवढे भय नव्हते. डोळ्याच्या भिंगातील प्रथिने जन्मभर बदलली जात नाहीत. रक्तवाहिन्यांतील कोलॅजनही फार सावकाश बदलते. त्यांवर वर्षानुवर्षे साखर साचली, की धागे एकमेकांत जखडतात, भिंग धुरकट होते, वाहिन्या ताठर बनतात. मधुमेहात डोळे व मूत्रपिंडे यांची जी हानी होते, तिचे हे एक कारण होय. शिवाय हा रोग केवळ स्थूल माणसांचा नव्हे. वरून सडपातळ दिसणाऱ्या भारतीयाच्या शरीरातही चरबीचे प्रमाण बरेच असू शकते, ही गोष्ट पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी जगापुढे मांडली आहे.

आता आपल्या भागापुरती एक विशेष गोष्ट. मुधोळच्या आसपासचा जुना आदिलाबाद जिल्हा, पलीकडचा किनवट आणि चंद्रपूर-गडचिरोलीचा वनप्रदेश या पट्ट्यात गोंड, कोलाम व इतरही समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक विकार आढळतो. त्याचे मूळ त्याच बीटा साखळीत आहे. तिच्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येते. साखरेचे चिकटणे हा लेखावर मागाहून पडलेला डाग म्हटला, तर ही लेखातलीच चूक होय. ज्याला आई व वडील दोघांकडूनही ही चूक मिळाली, त्याच्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बहुधा 10 ते 20 दिवसांतच नष्ट होतात. साखर साचावयास त्यांना अवधीच मिळत नाही. शिवाय नेहमीचे हिमोग्लोबिनच त्यांत नसते. अशा रोग्याच्या बाबतीत 'तीन महिन्यांची साखर' निरर्थक ठरते. कागदावर आकडा चांगला दिसेल आणि रोग आत वाढत राहील. ज्याला ही चूक एकाच पालकाकडून मिळाली, त्या वाहकाच्या पेशी जवळजवळ नेहमीइतक्याच जगतात. परंतु तपासणीच्या काही पद्धती तेथेही चुकतात. उलट, लोहाच्या अभावाने पांडुरोग झाला असेल तर आकडा खऱ्याहून फुगलेला दिसू शकतो.

अशा वेळी डॉक्टर प्रत्यक्ष ग्लुकोज वारंवार मोजतात, किंवा रक्तद्रवातील प्रथिनांना, मुख्यतः अल्ब्युमिनला, चिकटलेली साखर पाहतात. तिच्यावरून मागील दोन-तीन आठवड्यांचा अंदाज येतो. मात्र घरात सिकलसेल आहे हे डॉक्टरांना कोणीतरी सांगितले पाहिजे. 2023 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ज्यांची तपासणी होऊन कार्ड मिळाले आहे, त्यांनी साखर तपासावयास जाताना ते बरोबर न्यावे.