रुळाची लांबी आणि रुळातील बल

पोलादपूर तालुक्याच्या नावातच पोलाद आहे. परंतु पोलादी घटकाच्या अक्षीय विरूपणाचे उत्तम उदाहरण पाहावयाचे तर शेजारच्या महाड तालुक्यातील वीर स्थानकाकडे वळले पाहिजे. कापडे गावाहून महाडमार्गे येथवर आलेला उतारू मुंबईची आगगाडी पकडू शकतो. कोकण रेल्वेचा रोहे ते वीर हा सुमारे 47 किलोमीटरांचा टप्पा 1993 मध्ये सुरू झाला आणि 26 जानेवारी 1998 रोजी संपूर्ण मार्गावर गाड्या धावू लागल्या.

रुळांच्या सांध्यांत प्रसरणासाठी फट ठेवावी लागते, हे आपण शाळेत शिकलो. आता मात्र फिशप्लेटचे सांधे वगळून रूळ वितळजोडाने सलग करण्याची पद्धत भारतीय रेल्वेत रूढ झाली आहे. मग फटीवाचून हे रूळ उन्हाळ्यात टिकतात कसे?

रोहे ते वीर असा एकच सलग रूळ कल्पू. त्याचे तपमान 30° से. ने वाढले आणि तो सर्वस्वी मोकळा असला, तर प्रसरणांक 0.0000115 धरून त्याची लांबी सुमारे 16 मीटरांनी वाढेल. हा आकडा पाहून विद्यार्थ्याचा असा समज होतो की, एवढी वाढ रोखण्यास लागणारे बलही अफाट असले पाहिजे. हा समज चुकीचा आहे.

प्रसरणांक प्र, तपमानातील वाढ त, लांबी ल, छेदाचे क्षेत्रफळ क्ष, यंगचा गुणांक य आणि अक्षीय दाब ब मानू. मुक्त वाढ प्र × त × ल इतकी होते. दाबामुळे होणारी घट ब × ल ÷ (क्ष × य) इतकी असते. रूळ जागचा हलू दिला नाही, तर या दोन्ही राशी समान होतात. दोहोंतही ल असल्यामुळे तो निघून जातो व उरते ते असे:

ब = क्ष × य × प्र × त

म्हणजे रूळ एक किलोमीटरचा असो वा 47 किलोमीटरांचा, बल तेवढेच. मीटरला 52 किलोग्रॅम वजनाच्या रुळाच्या छेदाचे क्षेत्रफळ 66.15 चौ. सेंमी. आहे. य दर चौ. सेंमी.स 21.5 लक्ष किलोग्रॅम धरल्यास 30° वाढीसाठी हे बल सुमारे 49 टन भरते. येथे विकृती दिसत नाही, पण प्रतिबल आहे. हालचाल नाही म्हणून बलही नाही, असे अनुमान काढणे धोक्याचे होय.

हे बल धरून ठेवतात स्लीपर आणि खडी. रुळाच्या प्रत्येक मीटरला त्यांचा रोध 1 टन मानला, तर मोकळ्या टोकापासून 49 मीटर आत गेल्यावर पूर्ण बल निर्माण होते. त्यापलीकडचा रूळ स्थिर राहतो. या 49 मीटरांत बल शून्यापासून समप्रमाणात वाढत जात असल्याने टोकाची हालचाल मुक्त वाढीच्या निम्मी, म्हणजे केवळ साडेआठ मिलिमीटर होते. कल्पिलेल्या 16 मीटरांचे प्रत्यक्षात एवढेच उरते!

धोका पोलाद चिरडण्याचा नाही. हे प्रतिबल चौ. मिमी.स सुमारे 73 न्यूटन आहे. 880 श्रेणीच्या रुळाचे अंतिम ताणसामर्थ्य 880 न्यूटन असते. धोका आहे तो दाबाखालील सडपातळ घटकास आडवा बाक येण्याचा. बाजूची खडी हा बाक रोखते. म्हणूनच रूळ तापलेला असता खडी उकरण्यावर निर्बंध असतात व कडक उन्हात मार्गावर गस्त घातली जाते. थंडीत हेच बल ताणाचे रूप घेते आणि सदोष वितळजोड तुटण्याचे भय निर्माण होते. या दोन टोकांचा समतोल साधण्यासाठी रूळ स्थानिक तपमानाच्या मध्यमानापेक्षा थोड्या वरच्या तपमानास प्रतिबलमुक्त करून जखडतात.

लांब छपराची कैची दोन भिंतींवर बसविणाऱ्या अभियंत्यासही हाच नियम लागू पडतो. एक टोक सरकते ठेवले, तर तपमानामुळे हालचाल होते, पण बल जवळजवळ उद्भवत नाही. दोन्ही टोके जखडली, तर भिंती जितक्या ताठर तितके बल अधिक. तेव्हा ‘घटक किती लांब होईल?’ या प्रश्नाबरोबरच ‘त्याला लांब होऊ कोण देणार नाही, आणि त्या रोधकाची शक्ती किती?’ हा प्रश्नही विचारला पाहिजे. रुळांच्या बाबतीत त्याचे उत्तर खडीत आहे, आणि तिच्या भरवशावरच गाडीतील उतारू निर्धास्त बसलेला असतो.