गळासोबत रिकामा डबा

अजिंठ्याच्या डोंगरातून निघालेली वाघूर लेण्यांच्या पायथ्याशी घोड्याच्या नालेसारखे वळण घेते आणि पुढे आपल्या भागात धरणात अडते. जळगाव शहर हेच पाणी पिते. सुटीच्या दिवशी काठावर गळ टाकून बसलेली माणसे दिसतात, हिवाळ्यात भरीत पार्ट्या रंगतात. रोहू-कटला लागो न लागो, मोबाइलविना अर्धा दिवस जातो. रक्तदाबाच्या रुग्णाला आनंदाने सुचवावा असा हा छंद. फिट येणाऱ्यांनी मात्र एकट्याने पाण्याकाठी बसू नये.

धरण म्हणजे नदीचा घाट नव्हे. काळ्या मातीचा काठ ओला झाला की साबणासारखा निसटतो. उन्हाळ्यात गाळ उपसलेले खड्डे पाणी चढल्यावर दिसत नाहीत. गुडघाभर पाण्यातला माणूस पुढच्याच पावलाला गळ्यापर्यंत जातो. अडकलेला गळ सोडवायला आत उतरणे तर निव्वळ वेडेपणा. दोरा तोडा, गळ बाजारात मिळतो. दारू पिऊन पोहण्याबद्दल वेगळे काय सांगायचे?

बुडणारा सिनेमातल्यासारखा ओरडत नाही. त्याची सारी ताकद श्वास घेण्यात जाते. लहान मूल तर मिनिटभरात, आवाज न करता दिसेनासे होते. त्याला काढायला उडी घेणाऱ्याला पोहता येत नसेल तर दोघेही जातात. म्हणून गोडेतेलाचा ५ लिटरचा रिकामा डबा झाकण घट्ट लावून, कडीला लांब दोरी बांधून सोबत ठेवा. तो फेका, धरायला सांगा आणि काठावरूनच ओढा. दोरी नसेल तर साडी किंवा लांब काठी चालते.

बाहेर काढल्यावर आपल्याकडे आधी पोट दाबतात, उलटे टांगतात, गरगर फिरवतात. यात जीव वाचवणारी मिनिटे जातात. बुडालेल्याचा घात पोटातल्या पाण्याने होत नाही, प्राणवायू न मिळाल्याने होतो. ४-५ मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. शिवाय पोट दाबले की उलटी होऊन ती फुप्फुसात उतरते. श्वास थांबला असेल तर उताणे झोपवा, हनुवटी वर उचला, नाक चिमटीत धरा आणि तोंडाने सुरुवातीलाच ५ वेळा श्वास द्या. छाती वर येताना दिसली पाहिजे. हालचाल नसेल तर छातीच्या मधोमध ३० दाब, मग २ श्वास, हेच चक्र चालू ठेवा. मोठ्या माणसाची छाती सुमारे ५ सेंटिमीटर खाली जावी. वेग मिनिटाला १०० ते १२०. दरम्यान दुसऱ्याने १०८ ला फोन करावा.

शुद्धीवर आलेला रुग्ण ‘मी ठीक आहे’ म्हणाला तरी घरी नेऊ नका. फुप्फुसाला सूज काही तासांनी येऊ शकते. खोकला, धाप, सुस्ती ही तिची लक्षणे. त्याला कुशीवर झोपवून, ओले कपडे काढून, कोरड्या गोधडीत गुंडाळून दवाखान्यात आणा. आम्ही त्याला सहा-आठ तास नजरेखाली ठेवतो.