एफएमसी : नावात उरलेली यंत्रे

कॅलिफोर्नियात लॉस गॅटोसला जॉन बीन बदामाची बाग घेऊन निवांत राहायला आले होते. हाडाचा पंपवाला माणूस. विहिरीचे पंप बनवण्यात त्यांची हयात गेलेली. बागेवर सॅन होजे खवले कीड पडली आणि निवांतपणा संपला. त्या काळचे फवारणी पंप दांडा दाबला की पिचकारी मारत, दांडा थांबला की ठिबकत. बीन यांनी पंपाला हवेची टाकी जोडली. दाब टिकला, फवारा अखंड झाला. ही 1883-84 ची गोष्ट. शेजारचे बागायतदारही तसाच पंप मागू लागले आणि बीन स्प्रे पंप कंपनी उभी राहिली.

पुढे ती लेकीच्या बाजूनेच चालली : आधी जावई डेव्हिड क्रमी, मग नातू जॉन क्रमी आणि त्यानंतर या नातवाचा जावई, बँकेतून आलेला पॉल डेव्हिस.

आज ज्याला सिलिकॉन व्हॅली म्हणतात, ते खोरे तेव्हा जर्दाळू, पीच आणि आलुबुखाराचे होते. बाग आली की डबाबंदी आलीच. 1928 मध्ये कंपनीने डबाबंदीची यंत्रे बनवणारी अँडरसन-बार्नग्रोव्हर घेतली, पाठोपाठ स्प्रॅग-सेल्स; 1929 मध्ये नाव झाले फूड मशिनरी कॉर्पोरेशन.

अँडरसन-बार्नग्रोव्हरचे फिरते निर्जंतुकीकरण यंत्र म्हणजे खरा ऐवज. एरवी डबे जाळीत रचून भल्यामोठ्या प्रेशर कुकरमध्ये ठेवायचे, झाकण लावायचे, वाफ सोडायची, वाट पाहायची, पुन्हा उघडायचे. इथे आडव्या पिंपात कडेने मळसूत्री वाट आणि मध्ये फिरता सांगाडा. डबे फिरत्या झडपेतून एकेक करून आत जातात, वाफेचा दाब जराही न उतरता, आणि दुसऱ्या टोकाने बाहेर पडतात. तळाशी आले की गडगडतात; आतला रस ढवळतो, उष्णता लवकर डब्याच्या मध्यापर्यंत पोचते. वेळ वाचतो, मटाराचा गाळ होत नाही.

मग दुसरे महायुद्ध. ब्रुकलिन पूल बांधणाऱ्या रोबलिंग घराण्यातल्या डोनाल्डने फ्लोरिडाच्या दलदलीत अडकलेल्यांना सोडवण्यासाठी पाण्यात आणि जमिनीवर चालणारी पट्ट्यांची गाडी केली होती. कंपनीचा कारखाना जवळच, डनेडिनला. अमेरिकेच्या मरीन सैनिकांसाठी त्या गाड्या तिथे बनू लागल्या आणि 1943 मध्ये पॅसिफिकमधल्या तारावा बेटाच्या प्रवाळावर चढल्या. फळांच्या डब्यांची यंत्रे करणाऱ्यांना लष्करी गाड्यांची गोडी लागली, त्यातूनच पुढे एम-113 चिलखती गाडी आली.

1948 मध्ये नावात ‘केमिकल’ शिरले, 1961 मध्ये नुसते ‘एफएमसी’ उरले. 2001 मध्ये यंत्रे वेगळी निघाली आणि 2008 मध्ये अन्नप्रक्रियेची यंत्रे जॉन बीन टेक्नॉलॉजीज या नावाने स्वतंत्र झाली. म्हाताऱ्याचे नाव परत आले, पण एफएमसीत ना फूड उरले ना मशिनरी. उरली ती पिकांवरची औषधे. 2017 मध्ये ड्युपाँटकडून तिने घेतलेल्या औषधांत एक होते कोराजन. उसाच्या खोडकिडीसाठी आणि तुरीवरच्या शेंगअळीसाठी आपल्याकडचे शेतकरी कृषी सेवा केंद्रात नाव घेऊन मागतात, तेच.